पाटावर उघडं राहिलेलं पुस्तक

ऐंशीच्या दशकातल्या एका मे महिन्यात, विड्यांसाठीच्या तेंदूपत्त्याचा हंगाम चालू असताना, आमच्या काकूने कादंबरीचा दुसरा भाग वाचून संपवला आणि पुस्तक मिटायला नकार दिला.

आमचं गाव सावली नावाच्या मोठ्या गावापासून सायकलच्या अंतरावर. सकाळी जंगलातून पानं तोडून आणायची, दुपारी मांडवात बसून त्यांचे पुडके बांधायचे, असा घरोघरचा क्रम होता. आमच्या मांडवात काकू वाचायची आणि बाकीचे बांधायचे. श्रावणात पोथी वाचणारी तीच, त्यामुळे कादंबरीही ती पाटावर ठेवून त्याच सुरात वाचत असे. पहिल्या भागाचा नायक, एक तलवारबाज स्वार, पाठलाग चुकवायला घोड्यासकट पुराच्या नदीत उडी घेतो आणि पैलतीरी निघतो. ते प्रकरण शेजारच्या बायकांनी पुन्हा वाचायला लावलं होतं.

दुसऱ्या भागात त्याच्याच मित्राने किल्ल्याचा दरवाजा आतून लावून घेतला आणि स्वार बाहेर मारला गेला. काकू थांबली. तिने ती ओळ परत वाचली, डोळे पुसले आणि पुढे वाचत राहिली. मरणावर पोथी ठेवायची नाही, शुभ प्रसंग येईपर्यंत वाचायचं, हा आमच्याकडचा रिवाज. शुभ प्रसंग आला नाही. पुस्तक संपलं.

"अवं, कादंबरी हाये ते. पोथी थोडीच हाये?" काका म्हणाले.

"पाटावर ठेवून वाचली ना मी? मंग?"

"मंग पाटालेच सांग, त्याले जित्ता कर म्हणून."

"तुमी पुडके बांधा. मोठे आले!"

पुस्तक शेवटच्या पानावर उघडं राहिलं, वर धुतलेलं फडकं. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. नदीतल्या उडीचं प्रकरण वाचीन, मगच मिटीन, असं तिने मला सांगितलं. पण पहिला भाग सावलीच्या ग्रंथालयात परत गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी सावलीला गेलो. पुस्तक दवाखान्यातल्या नर्सबाईंनी नेलं होतं. मी दवाखान्यात गेलो, तर त्या अर्ध्यावर आल्या होत्या.

"तुमच्या काकूचं वाचून झालं ना? मंग परत काऊन पायजे?"

मी रिवाज सांगितला. त्यांनी पुस्तकात खुणेचा कागद घातला.

"म्हणजे दुसऱ्यात मरते तो."

मी जीभ चावली.

"सांगून टाकलं ना भाऊ तुमी!" त्या म्हणाल्या, आणि खुणेचा कागद तसाच ठेवून पुस्तक माझ्या हातात दिलं.

दुपारी मांडवात काकूने उडीचं प्रकरण वाचलं. स्वार पैलतीरी निघाल्यावर तिने दोन्ही पुस्तकं मिटली आणि पाटाला हात लावून नमस्कार केला. संध्याकाळी ती जेवली.

पहिला भाग मी नर्सबाईंकडे पोचवला, दुसरा ग्रंथालयात. ग्रंथपालांनी तो नर्सबाईंसाठी बाजूला काढून ठेवला. शाळा सुरू झाल्या तेव्हाही तो तिथेच होता; नर्सबाई न्यायला आल्या नव्हत्या.