मामींचा हौद

गायींचं पाणी मामी आधी स्वतः चाखायच्या. विहिरीजवळच्या हौदात ओंजळ बुडवायची, घोटभर पाणी तोंडात घोळवायचं आणि डोळे बारीक करून निकाल द्यायचा. "मचूळ लागायलंय. उपसा हौद." किंवा, "बरंय, सोडा गायी." पाहुण्यांसमोर हा प्रकार झाला की सुनंदा, म्हणजे माझी बायको, शरमेनं आत जायची. मामींचं म्हणणं एवढंच, "आपल्या घशाला नको ते त्यांच्या घशाला कशापायी?"

मामी म्हणजे माझ्या सासूबाई. हर्सूलच्या पुढं, फुलंब्रीच्या रस्त्याला त्यांचं शेत. नवरा लवकर गेलेला, एकुलती एक मुलगी, दावणीला गायी आणि गोठ्यामागं चढणीचा गवताळ माळ. वय विचारलं की म्हणायच्या, "निजामावर पोलीस अ‍ॅक्शन झालं तवा मी पाळण्यात व्हते. घाला हिशेब." मी त्यांचा घरजावई. हा शब्द स्वतःच्या हातानं लिहायला मला पन्नाशी गाठावी लागली. बी.कॉम. झालो होतो, नोकरी नव्हती, आणि गंगापूरकडच्या आमच्या घरात माझ्याशिवाय आणखी तीन भाऊ जमिनीकडं बघत बसलेले. मी निघालो ते सगळ्यांच्या सोयीचं झालं. पण गावी गेलो की पारावरून कोणीतरी विचारायचंच, "काय जावई, सासूचं शेण काढायलास म्हणं?" मी उत्तर द्यायचो नाही, नुसता चेहरा पाडायचो. चेहरा पाडला की लोक टोमणे आवरतात आणि हळहळायला लागतात, हे माझ्या लवकर लक्षात आलं. पुढं तो चेहरा गावच्या एसटीत बसतानाच आपोआप लागायचा.

मामी मला कधी एकेरी बोलल्या नाहीत. झोडपायच्या तेसुद्धा अहो-जाहो करूनच. "जावईबापू, आपण लई शिकलेले आहात. पण ती गाय दूध देणारी हाय का लाथ देणारी, हे बसायच्या आधी बघावं." त्या वेळी मी चरवीसकट आडवा झालेलो होतो.

त्यांचा एक हट्ट साऱ्या शिवाराला ठाऊक होता. गाय दिवसभर मोकळी चरली पाहिजे. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकेक करून गायी बांधून टाकल्या होत्या. जागेवर वैरण, जागेवर पाणी. लोक मामींना समजावायला यायचे. मामी चहा पाजायच्या आणि म्हणायच्या, "जागेवर बसवून दोन टाइम जेवण देणारं एक ठिकाण हाय की हर्सूलला. त्याला तुरुंग म्हणत्यात."

अडचण पाण्याची होती. विहीर खाली घराजवळ, गवत वर माळावर. दुपारी तहान लागली की सगळा कळप एकदम खाली उतरायचा आणि पाणी पिऊन लिंबाच्या सावलीत जो बसायचा तो हलायचा नाही. वरचं गवत तसंच वाळायचं, खालचं तुडवून माती व्हायची. उन्हातून एवढं चढ-उतार करून दूध तरी कुठून यायचं? मग मामी काठी घेऊन त्यांना परत चढवायच्या, एकेकीला नावानं शिव्या देत. अशाच एका दुपारी मुरमावरून पाय सरकला आणि गुडघा भोपळ्याएवढा सुजला. डॉक्टरांनी माळ चढायला बंदी केली.

सुनंदानं तेव्हा आईला स्पष्ट सांगितलं, "उन्हाळा संपेपर्यंत पाणी वर गेलं नाही तर गायी दावणीला. आणि माळ विचारायला प्लॉटवाले येतातच आहेत." मामी बराच वेळ गुडघ्याला हळद चोळत राहिल्या. "कबूल," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या लंगडत माझ्याबरोबर शहरात, रशीदभाईंच्या पाइपांच्या दुकानात. विहिरीची मोटर वीज असेल तेव्हा माळाच्या टोकावरची टाकी भरणार, टाकीतलं पाणी आपोआप उतरून माळावरच, जरा खालच्या अंगाला बांधायच्या नव्या हौदात येणार, आणि हौद भरला की तरंगणारा गोळा नळ बंद करणार, असा बेत होता. हौद केवढा, यावर दुकानातच जुंपली. मी म्हणालो, पाणी चरण्याच्या जागीच असलं तर गायी एकेक-दोनदोन करून येतील, लहान हौद पुरे. मामी म्हणाल्या, "माझ्या गायी एकदम येत्यात. पंगत एकदम बसती, पत्रावळी कमी पडून कसं चालंल?" त्यांनी हात पसरून माप दाखवलं. रशीदभाई गल्ल्यावरून उठून उभे राहिले.

"अम्मा, हौद बना रहे क्या तालाब? हर्सूल में एक तो हैच!"

"रशीदभाई, तुम्ही पाइप मोजा. हमारी गाय हम मोजेंगे."

मोठाच हौद झाला. आणि गायी एकेकट्याच यायला लागल्या. एक यायची, पाच घोट घ्यायची, शेपूट उडवत परत गवतात. बाकीचं पाणी नुसतं हिरवं व्हायचं. मामींनी आठवडाभर हा प्रकार खालून डोळ्यांवर हात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "एवढी पंगत मांडली, आन् पाव्हणे आपले उपास धरल्यासारखे यायलेत." मग मधे भिंत घालून हौद निम्मा केला. माझंच खरं निघालं, पण मला मिरवता आलं नाही, कारण त्याच आठवड्यात माझी चूक उघडी पडली होती. मुरूम खोदायचा कंटाळा म्हणून मी काळा पाइप जमिनीवर नुसता पसरून दिला होता. दुपारी त्यातून जे पाणी आलं त्याला तोंड लावून गाय दचकून मागं सरली. मी बाटलीत भरून मामींना चाखायला आणलं. त्यांनी बोट बुडवलं. "चहा ठिवलाय व्हय, जावईबापू? पत्ती राहिली." मग पाइप सगळा उकरून जमिनीत पुरला. मामी पायथ्याशी बाजेवर बसून ओरडायच्या, "आणखी खोल! मढं न्हाई पुरायचं, पाणी पुरायचंय, ते वर आलं नाय पायजे!"

काम पुरं झालं तेव्हा मामींनी पाहुणे बोलावले. गंगापूरहून माझी आईही आली. मामींना चौघांनी खुर्चीसकट माळावर नेलं. नव्या पाण्याला गायींचं तोंड गोड झालं पाहिजे म्हणून त्यांनी गुळाची ढेप फोडून हौदात विरघळवली. भर उन्हाळा, शिवारात फूल म्हणून कुठं नाही. हळदकुंकू वाहून होईपर्यंत हौदावर मधमाश्यांचा काळा थर बसला. गायी लांबूनच माघारी पळाल्या, पाहुणे त्यांच्या पुढं. मामींना उठता येईना. त्यांनी खुर्चीत बसल्याबसल्या डोक्यावरून पदर घट्ट ओढून घेतला आणि आतून ओरडायला लागल्या, "गायींसाठी हाय रे, मुडद्यांनो! तुमचं कुणी बारसं केलंय?" मी त्यांना खुर्चीसकट ओढत नेत होतो आणि मला हसू आवरत नव्हतं. हसूनहसून मी गवतात बसलो. इतका मोठ्यानं मी आयुष्यात हसलो नव्हतो.

आई बघत होती. जवळ आली, माझ्या पाठीवरचं गवत झटकलं. "इथं बरा दिसतोस रे," म्हणाली.

माझा चेहरा सवयीनं पडला. "कसलं बरं, आई. चाललंय आपलं. दुसऱ्याच्या घरी कसं असतं, तुला माहीत आहे."

मागं वळलो तर खुर्चीतला पदर बाजूला झाला होता आणि मामी माझ्याकडं पाहत होत्या. मला तिथंच मरण आलं. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी मला थांबवलं. "बरं केलं. आईपाशी सासूची तारीफ करू नाय. तिनं लेक दिलाय. त्याचं आईवाचून अडतंय, एवढं तरी तिच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

त्यानंतर आई कधीही आली की मामी माझ्यावर मुद्दाम आवाज चढवायच्या. पाहुण्यांसमोर शेणाची पाटी उचलायला लावायच्या. आई कळवळायची, मला जवळ घेऊन बसायची. मामी स्वयंपाकघरातून मला डोळा मारायच्या. मी त्यांना हे वर्षानुवर्षं करू दिलं.

माळावर पाणी गेलं, गायी मोकळ्या राहिल्या, मामी जिंकल्या. पण एक गोष्ट आमच्या कोणाच्याच लक्षात आली नव्हती. गायी आता दुपारी खाली यायच्याच नाहीत. सकाळी गेल्या की थेट धारेच्या वेळी. लिंबाखाली मामी काठी मांडीवर घेऊन एकट्याच. शिव्या द्यायलाही समोर कोणी नाही. दोन दिवस त्या जेवल्या नाहीत. सुनंदाला वाटलं, पोट बिघडलंय. तिसऱ्या दिवशी मी दुधाची एम-एटी गाडी काढली, कॅन उतरवले, मागं पोतं बांधलं आणि म्हणालो, "मामी, बसा."

"लोक काय म्हणतील? जावयाच्या फटफटीवर सासू?"

"तुम्हाला कधीपासून लोक दिसायला लागले?"

त्या बसल्या. गाडी चढावर रडत होती, मामी एका हातानं माझा शर्ट आणि दुसऱ्या हातानं भाकरीचं फडकं धरून गाडीलाच म्हणत होत्या, "चल गं बाई, चल." हौदाजवळ बोरीच्या सावलीत आम्ही जेवलो. कांदा बुक्कीनं मामींनीच फोडला. पाणी प्यायला येईल तिला नावानं हाक मारून तिचं खानदान काढलं. त्या दिवसापासून त्या थकेपर्यंत, मोठा पाऊस सोडला तर, आम्ही दुपारी तिथंच जेवलो. फार बोलायचो असं नाही. मी गवतात आडवा व्हायचो, त्या माश्या हाकायच्या, गायींच्या आणि कधी माझ्याही अंगावरच्या. ज्या घरात मी राबतोय अशी अख्ख्या गंगापूर तालुक्याची समजूत होती, त्या घरात मी असा सुखात होतो. आईच्या घरी मला असं सुख लागलं नाही. हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नाही.

मामी गेल्या त्या गेल्या श्रावणात, झोपेतच. दहाव्याला आई आली. आता तिलाही काठी लागते. "मला तो माळ दाखव," म्हणाली. तिला घेऊन वर गेलो, बोरीखाली बसवलं. मग एकदाचं बोललो. "आई, मी इथं दुःखात कधीच नव्हतो. मामींनी मला लेकासारखं ठेवलं. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

आई चरणाऱ्या गायींकडं बघत होती. "राबणाऱ्या जावयाचं पोट असं सुटतं व्हय रे? मला पहिल्याच वर्षी कळलं व्हतं," ती म्हणाली. "ती मला वरडून दाखवायची, मी तिला रडून दाखवायची. आमचं बाया-बायांचं चाललं व्हतं. तिला कधी सांगितलंस का, बरं चाललंय म्हणून?"

"नाही."

"आन् सुनंदाला?"

मी बसल्याजागी गवत उपटायला लागलो.

"पोरीनं इतकी वर्षं तुझा हा चेहरा बघितला, आन् तू मला सांगायलास!"

संध्याकाळी गोठ्यात गेलो. सुनंदा धारेला बसली होती, पाठ माझ्याकडं. आईनं ऐकवलं ते सगळं मी तिला सांगितलं, आणि मग माझं वाक्यही सांगितलं, की मी या घरात सुखी होतो, आहे.

तिनं वळून पाहिलं नाही. "ती दुसरी चरवी द्या इकडं," म्हणाली. मी चरवी देऊन उभा राहिलो. तिच्या गुडघ्यांतली चरवी अजून अर्धीच होती, आणि धारेचा आवाज केव्हाच थांबलेला होता.