दरवर्षीचा एक्स-रे

नाशिकच्या दंत रुग्णालयात माझ्या शेजारी पिंपळगावची एक बाई बसली होती. तिच्या जबड्यातली न दुखणारी गाठ एक्स-रेत सापडली होती आणि आज त्या गाठीतून काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा रिपोर्ट येणार होता. ती पदर बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

डॉक्टरीणबाई हसतच बाहेर आल्या. "मावशी, कॅन्सर नाही! ती गाठ म्हणजे एक पिशवी आहे. नखं ज्याची बनतात, तेच केरॅटिन तिच्यात साचलंय. काढून टाकू. पण ती परत होऊ शकते, म्हणून दरवर्षी एक्स-रे काढायला यायचं."

"दरवर्षी? म्हंजे मी दरवर्षी हाय!" असं ओरडून तिनं मलाच मिठी मारली. दाढ काढल्यामुळं माझं अर्धं तोंड बधिर होतं. उरलेल्या अर्ध्यानं मीही खदखदून हसले. नाव विचारायचं भान दोघींनाही नव्हतं.