पात्यावरचा अंगठा

चष्मेवाल्यांनी आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता. इंजेक्शन घ्यायची वेळ आली की ते डोळे घट्ट मिटून बायकोचा हात धरत. गल्लीतल्या कुत्र्याला हाकलायचं तरी आधी स्वतः दोन पावलं मागे सरकत. अशा माणसाच्या घरातल्या मागच्या खोलीच्या भिंती तलवारींनी भरलेल्या होत्या. म्हणून बायकोच्या माहेरी त्यांना ‘सेनापती’ म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे. पण त्यांच्या कानावर पडेल इतक्या मोठ्यानं मात्र म्हणत.

बाजारपेठेत त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं काचेला बोट लावलं की त्यांच्या अंगावर काटा येई. “दांडीला धरा हो, दांडीला!” हे वाक्य ते दिवसभर म्हणत. तोच नियम तलवारींना. मूठ धरायची, पात्याला हात लावायचा नाही. माणसाच्या घामात मीठ असतं. बोट उचललं तरी त्याचा ठसा पोलादावर राहतो आणि काही दिवसांनी तिथे गंज उमटतो. म्हणून दर रविवारी सकाळी हातमोजे चढवून ते एकेक तलवार मांडीवर घेत आणि मऊ फडक्यानं तिला तेलाचा हात देत.

“माझ्या गुडघ्यांना कधी एवढ्या मायेनं तेल लावलंत का?” दारातून जाताना बायको विचारी.

“तुझे गुडघे काही गंजत नाहीत.”

“जिना चढताना आवाज ऐका एकदा.”

सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आल्या होत्या, त्या डोळे सुधारल्यावरही इथेच राहिल्या. त्यांचं मत ठरलेलं होतं. “जावईबापू, बाकी सगळं छान आहे तुमचं. तेवढी ती भंगाराची वखार सोडली तर.”

भंगार हा शब्द चष्मेवाल्यांना झोंबे, कारण त्यांची सगळ्यात लाडकी तलवार खरोखरच भंगारवाल्याकडून आली होती. काजळीनं काळी झालेली. भंगारवाला ती एकटी द्यायला तयार नव्हता, तेव्हा सोबत एक मोडका टेबलफॅनही घ्यावा लागला. पण घरी आणून हळूहळू साफ केल्यावर पात्यावर बारीक लाटा दिसू लागल्या. वाऱ्यानं तळ्याचं पाणी हलावं तशी पोलादातच मुरलेली नक्षी! त्या दिवशी चष्मेवाले जेवायला बसले ते तलवार समोर ठेवूनच.

आणि आता शहराच्या वस्तुसंग्रहालयात एक प्रदर्शन भरणार होतं. खाजगी संग्रहांतून निवडक वस्तू घेणार होते. संग्रहालयाच्या बाई स्वतः घरी येऊन तलवार बघणार होत्या. काचेच्या पेटीत आपली तलवार, खाली आपलं नाव, आणि समोर मेहुणे मंडळी वाकून वाचताहेत! एवढं एक झालं की सेनापती या शब्दातली टिंगल जाईल, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

बाई यायच्या आदल्या दिवशी त्यांनी म्यानातून तलवार काढली आणि उजेडात धरली. लाटांच्या ऐन मध्यावर एक तपकिरी अंगठा उमटला होता. घासून काढावा तर लाटाही पुसल्या जाणार. दुकानातलं भिंग आणून त्यांनी तो ठसा न्याहाळला. अंगठ्यावर एक तिरपी रेघ होती, जुन्या जखमेच्या वणाची.

हा अंगठा ते रोज बघत होते. रोज संध्याकाळी सासूबाईंचा चष्मा पुसताना उजव्या काचेवरून तोच तर ते काढत.

“आई, माझी तलवार कुणी हातात घेतली होती?”

“मी घेतली,” सासूबाई शेंगा निवडाव्यात इतक्या सहज म्हणाल्या. “दुपारी माझ्या मैत्रिणी येतात ना, त्यांना दाखवते. तुम्ही दुकानात असता. तलवारी बिचाऱ्या नुसत्या टांगलेल्या.”

“पण तुम्ही तर वखार म्हणता!”

“ते तुमच्या तोंडावर. जावयाचं कौतुक जावयासमोर करतात का कुणी?”

चष्मेवाल्यांनी तलवार पुन्हा म्यानात सरकवली.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या बाई आल्या. तलवार उजेडात धरून त्यांनी लाटा पाहिल्या आणि त्यांचा चेहरा खुलला. “सुरेख आहे. घराण्यातली का?”

चष्मेवाले तोंड उघडणार, तोच सासूबाई पुढे सरसावल्या. “तर काय! यांच्या पणजोबांची. एकट्यानं किल्ल्याचा दरवाजा राखला होता या तलवारीनं. सगळ्या आळीला माहीत आहे.”

आळीला कुणी सांगितलं, हे चष्मेवाल्यांना आता कळलं. बाईंनी लिहायला पेन काढलं. पेटीखालच्या नावाशेजारी किल्ल्याचा दरवाजाही त्यांना दिसू लागला. क्षणभर मोह झाला, नाही असं नाही.

“ती गंमत करताहेत,” ते म्हणाले. “माझे पणजोबा कचेरीत शिक्के मारायचे. ही भंगारातून घेतली मी. सोबत पंखाही होता.”

“खरं सांगितलंत ते बरं,” बाई हसल्या. “त्यानं काही बिघडत नाही.” मग पातं तिरपं करताच त्यांचं हसू मावळलं. “हा अंगठा कुणाचा?”

सासूबाईंनी तोंड उघडलं.

“माझा,” चष्मेवाले घाईनं म्हणाले. “आई, जरा चहाचं बघता का?”

“उघड्या हातानं पातं धरलंत?” बाईंच्या आवाजात राग नव्हता, चष्मेवाले गिऱ्हाइकाला बोलताना असे, तसलाच हताशपणा होता. “माफ करा. डाग पडलेलं पातं नाही मांडता येणार आम्हाला.”

चहा न घेताच त्या गेल्या. त्यानंतर सासूबाई मागच्या खोलीकडे फिरकल्या नाहीत. वखार हा शब्दही त्यांनी सोडला, आणि चष्मेवाल्यांना घर उगाच सुनं वाटू लागलं.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी ते उशिरा जेवायला आले, तर बैठकीत मैत्रिणी बसलेल्या.

“दाखव ना गं ती दरवाजाची तलवार. हिला बघायचीय.”

“नको. बंद केलंय मी ते,” सासूबाई पुटपुटल्या.

चष्मेवाले आत गेले. तलवार आणि हातमोजे घेऊन बाहेर आले. मोजे सासूबाईंना बरेच मोठे होत होते. “मुठीला धरा हं, आई.”

सासूबाईंनी तलवार धरली, जावयाकडे पाहिलं आणि एका दमात म्हणून टाकलं, “ही भंगारवाल्याकडची आहे.”

मैत्रिणींचे चेहरे पडले.

“पण भंगारवाल्याकडे ती गेली कशी, ते सांगा की,” चष्मेवाले म्हणाले. “दरवाजा कोसळल्यावर पणजोबा नदीत उडी घेतात, तो भाग.”

सासूबाईंनी चष्म्यावरून जावयाला नीट निरखून पाहिलं. “तो भाग मला माहीत नाही.”

“मग बसा. मी सांगतो,” म्हणत चष्मेवाल्यांनी खुर्ची पुढे ओढली. आतून बायको ताट वाढल्याची हाक मारत होती, पण सेनापती तोवर नदीच्या मध्यावर पोहोचले होते.