अमावस्येला स्पार्क जातो

गॅरेजच्या वर घर असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. पेट्रोलच्या वासासारखे ते आपले आपण जिना चढून येतात. गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत खाली आमच्या ह्यांचं गॅरेज, वर माझं देवघर. खाली "मारा सेल्फ!" आणि वर माझी घंटा, दोन्ही एकदमच! त्या नव्वद सालानंतरच्या दिवसांत गाडी बंद पडली की गिऱ्हाईक आधी गाडीवर संशय घेई, मग मेकॅनिकवर. स्वतःवर कधीच नाही.

ह्यांची पद्धत ठरलेली. प्लगची वायर इंजिनाच्या लोखंडाजवळ धरायची आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. निळी ठिणगी उडाली तर ठीक, नाहीतर "स्पार्क नाही!" एकांनी घाबरून विचारलं, "म्हणजे इंजिन गेलं का हो?"

हे म्हणाले, "छे! चूल शाबूत आहे, काडेपेटी ओली झालीय!"

*

तेव्हा गाड्या चोरीला जायच्या. म्हणून हे गिऱ्हाइकांना एक युक्ती शिकवत. डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडायचं आणि आतला इवलासा रोटर काढून खिशात टाकायचा. प्लगांना स्पार्क वाटून देतो तो हाच. हा नसला की चोराच्या बापालाही गाडी सुरू होत नाही!

नामपूरचे कांद्याचे व्यापारी, आबा, हे शिकून गेले आणि आठवड्यातच गाडी ओढून घेऊन परत आले. "तुमना गॅरेजमा चोर शे!" म्हणून ओरडायला लागले. ओरडून थकल्यावर तंबाखूसाठी खिशात हात घातला, तर चुन्याच्या डबीबरोबर रोटर बाहेर!

आबांनी तो उलटासुलटा पाहिला आणि ह्यांच्याकडे डोळे बारीक करून विचारलं, "हाऊ मन्हा खिसामा कोणी टाका?"

*

पाठकसर कॉलेजात फिजिक्स शिकवत. पेठच्या बाजूला त्यांनी शेत घेतलं होतं आणि तिकडे ते मुद्दाम अमावस्येला जात. मला म्हणत, "वहिनी, त्या दिवशी घाट मोकळा असतो. तुम्ही सगळे घाबरून घरात!"

त्यांच्या पत्नी, पाठकवहिनी, माझ्या हरतालिकेच्या मैत्रीण. त्या नुसत्या पदराशी चाळा करत. ह्यांनी सरांना रोटरची युक्ती दाखवली, तेव्हा त्याही शेजारी उभ्या होत्या. मीच त्यांना मधेच चहाला वर बोलावलं.

*

मग सरांची गाडी त्यांच्याच आवारात सुरू होईना. ह्यांनी जाऊन झाकण उघडलं, तर रोटर गायब! नवा बसवला. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सर गॅरेजात आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आमच्या आवारात येणाऱ्यांपैकी रोटर कुठे असतो हे दोघांनाच ठाऊक. मला आणि तुम्हाला. आणि नवा विकणारे तुम्ही!"

त्या रात्री हे जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं बोनेटशेजारी स्टूल टाकून बसायला लागली. हवा भरून झाल्यावर एकाने तर टायर मोजले! मी संकष्टीला गणरायाला साकडं घातलं, एवढा आळ उतरू दे.

संशयाची बाधा मलाही झालीच. समोरचा गॅरेजवाला हसला की वाटे, हाच तो! हे म्हणाले, "अगं, तो हसत नाही. त्याचे दातच पुढे आहेत."

*

एके सकाळी मी गॅरेजच्या दाराला लिंबू-मिरची बांधत होते, तेवढ्यात सरांचा फोन. "पुन्हा गेला!" लिंबू माझ्या हातातच राहिलं. मागच्या वेळीही हातात लिंबूच होतं. त्याच्या मागच्या वेळीही! लिंबू मी बांधते अमावस्येला, आणि सर घाटात निघतात तेही अमावस्येलाच!

तशीच पाठकवहिनींकडे गेले, थेट देवघरात. अन्नपूर्णेच्या शेजारी चार रोटर ओळीने मांडलेले, हळदकुंकू लावून!

"ऐकतच नाहीत हो हे," वहिनी रडवेल्या झाल्या. "आजच्या दिवशी कुणी घाटात जातं का?"

"अहो, मग दुसऱ्या दिवशी परत लावायचा!"

"काढताना पाहिलं होतं. लावताना तुम्ही चहाला बोलावलंत!"

आणि माझा हात धरून म्हणाल्या, "ह्यांना सांगू नका. आणि तुमच्या ह्यांनाही नाही. देवीची शपथ आहे तुम्हाला."

*

घरी पोचते तो जिन्यात सर उभे. आवाज अगदी खाली.

"वहिनी, काल चावी उशाखाली ठेवून झोपलो होतो. बोनेट गाडीच्या आतूनच उघडतं. घरात मी आणि ही. हिला तर बोनेट म्हणजे काय तेही माहीत नाही. सगळे पर्याय तपासले मी." त्यांनी घाम पुसला. "अमावस्येचं खरंच काही... असतं का हो?"

शपथ मोडायची नव्हती. ह्यांच्यावरचा आळही उतरायला हवा होता. मी देवाचं नाव घेतलं आणि म्हणाले, "अमावस्येला घाट टाळा. आणि ज्याच्यावर संशय घेतलात, त्याच्या हातात चारचौघांत नारळ द्या, चुकलो म्हणा. मग रोटर कुठे जात नाही."

"नक्की?"

"मी जामीन."

सर दोन पायऱ्या उतरले आणि वळले. "हिला सांगू नका हं. जन्मभर चिडवेल!"

*

पुढच्याच अमावस्येला सर पत्नीला घेऊन गॅरेजात आले, ह्यांच्या हातात नारळ दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चुकलो. तुमचा काही दोष नव्हता." गिऱ्हाइकांनी गुपचूप आपापली स्टुलं भिंतीशी नेऊन ठेवली.

हे नारळ घेऊन वर आले. पहिल्यांदा नारळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"देव न मानणारा माणूस हा! ह्याला झालं काय? आणि जाताना वहिनी मला हळूच विचारतात, रोटर परत कसा बसवायचा ते शिकवाल का?"

"शिकवा की," मी म्हणाले. "ह्या वेळी मी चहाला हाक मारणार नाही."