काठोकाठ गाझ

बोनामूर, रेजिस. प्रथम नोंदणी: १९५९, लियों. रंग: मूळचा काळा, सध्या करडा, टपावर विरळ. धाव: भाड्याच्या गाड्यांच्या एकाच कचेरीत पंचवीस वर्षे, तीही बहुतांश उभ्याने. आसनक्षमता: एक, दुसरे आसन २००६ साली स्वेच्छेने निघून गेले. इंधन: रोज कॉफी, शुक्रवारी सकाळी सॉसेज व पेलाभर लाल वाईन. ओरखडे: डाव्या गुडघ्यावर, जुना. पोचे: पाठीत, किरकोळ. भोंगा: उत्तम चालू स्थितीत. याव्यतिरिक्त कोणतेही नुकसान आढळले नाही. तपासणाऱ्याची सही: बोनामूर, रेजिस.

गाडी परत घेताना भरायचा हा छापील नमुना रेजिसने नोकरीच्या पंचविसाव्या वर्षी स्वतःवरच भरला आणि कचेरीतल्या फलकावर टाचणीने लावला. सगळे पोट धरून हसले. मॅनेजर मादाम कोर्तिलसुद्धा हसल्या, आणि त्या वर्षातून साधारण दोनदाच हसत.

'भोंगा' म्हणजे त्याचा आवाज. स्टेशनमागच्या त्या कचेरीत जगभरचे पाहुणे येत आणि ते गेले की रेजिस त्यांना पुन्हा हजर करी. जिनिव्हाचा सावकाश बोलणारा दंतवैद्य, नव्वदला आपल्यापेक्षा सोपा शब्द वापरणारा बेल्जियमचा शेतकरी, प्रत्येक वाक्याला उसासा टाकणारी पॅरिसची वकीलबाई. परक्या भाषेतल्या माणसांच्या नकला तो करत नसे. त्यात मजा नाही, असं त्याचं मत होतं. आपलीच भाषा दुसऱ्या कुणी निराळी बोललं की खरं हसू येतं. हे मत त्या शहरात तरी त्याचं एकट्याचं नव्हतं.

पाहुण्यांसाठी त्याचं एक भाषणही होतं. किल्ली हातात देण्यापूर्वी तो ते म्हणून दाखवी. उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो गाढव असला तरी. बसच्या पट्ट्यात शिरायचं नाही, तो मोकळा असला तरी. डोंगराखालच्या बोगद्यात गाड्या तुंबल्या तर भोंगा वाजवायचा नाही. त्यानं डोंगर हलत नाही. आणि टाकीत काय भरायचं ते शेवटी, दोनदा, सावकाश. आमच्याकडे 'गाझोल' म्हणजे डिझेल, 'एसांस' म्हणजे पेट्रोल. हे दोनदा सांगणं त्याने सत्तावीस वर्षांत कधी चुकवलं नव्हतं.

चुकवलं ते नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी.

त्या दिवशी रेल्वेचा संप होता. सकाळी आठलाच रांग दाराबाहेर फुटपाथवर गेली होती. ज्यांना ट्रेन हवी होती त्या सगळ्यांना आता गाडी हवी होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की संप आपल्या एकट्यावर झालाय. दहाच्या सुमाराला रांगेतून एक साठीची बाई काउंटरशी आली. गडद निळा कोट, पायात नवे काळे बूट. चालताना ते चावत असावेत.

"तुझ्याकडे एखादी छोटी गाडी असेल का रे?" ती म्हणाली.

लियोंमध्ये अनोळखी माणसाला कुणी 'तू' म्हणत नाही. सासूला वीस वर्षं 'तुम्ही' म्हणणारी माणसं तिथे आहेत. पण शब्दांच्या त्या रुंद, लांबवलेल्या हेलावरूनच कळत होतं की बाई समुद्रापलीकडची आहे, कॅनडातल्या क्वेबेकची. तिथे 'तू' म्हणजे फक्त नमस्कार. हे रेजिसला ठाऊक होतं. शेजारच्या काउंटरवरच्या नादेजलाही ठाऊक होतं. तिने मान न वळवता भुवई उडवली. रेजिसच्या अंगात कलाकार जागा झाला.

पारपत्रावर नाव होतं लिझेत बेरूबे, गाव मातान.

"प्रवासाचं कारण?" फॉर्मवर दोनच चौकटी होत्या: कामकाज आणि विरंगुळा.

"घरचंच आहे," ती म्हणाली. "तारारच्या पुढे, डोंगरात. अडीचच्या आत पोचायचंय. पोचेन ना?"

"दीड तास धरा. घरचं म्हणजे विरंगुळाच," म्हणत त्याने चौकटीत फुली मारली.

गाडी एकच उरली होती. नुकतीच परत आलेली, पांढरी, डिझेलची, टाकी तळाला. एरवी भरल्याशिवाय गाडी बाहेर जात नसे. पण संपाच्या दिवशी भरायला माणूस कुठून आणायचा? झाकणाच्या आतली 'गाझोल' लिहिलेली चिकटपट्टीही कधीचीच सोलून गेली होती. दोन महिन्यांपूर्वीच्या तपासणीत त्याची नोंद होती, रेजिसच्याच अक्षरात: 'नगण्य'.

"टाकी रिकामी आहे, मादाम. शहराबाहेर पडताना आधी भरून घ्या."

"काय भरू? गाऽऽझ?"

तो शब्द तिने असा लांबवला की रांगेतल्या कुणीतरी फुसकन हसलं. नादेजने तोंडावर हात घेतला. समोर वीस-पंचवीस कंटाळलेली माणसं होती. इतका मोठा आणि इतका गरजू प्रेक्षक रेजिसला आजवर मिळाला नव्हता. तो काउंटरवर पुढे झुकला आणि हुबेहूब तिच्याच आवाजात म्हणाला, "गाऽऽझ!"

रांग हसली. बाईही थोडी हसली, पाहुणा हसतो तशी. मग बोट वर करून म्हणाली, "थांब हं. माझा भाऊ सांगायचा, इकडचं गाझोल निराळं. तू म्हणतोस ते गाझ म्हणजे आमचं गाझ?"

"तुमचंच गाझ, बाई! काठोकाठ गाऽऽझ!"

या वेळी दाराबाहेरचेही हसले. पार मागे उभा असलेला एक माणूस, ज्याला काहीच ऐकू आलं नव्हतं, तोही हसला. बाईने मान डोलावली, सही केली, किल्ली घेतली. उजवीकडच्या गल्लीचं, बसच्या पट्ट्याचं, बोगद्याचं भाषण राहूनच गेलं. टाळ्या पडल्यावर कुणी भाषण करत नाही.

साडेतीनला टोइंगवाल्याचा फोन आला. लारब्रेलच्या पुढे चढावर एक पांढरी गाडी बंद पडली आहे. टाकीत वास घेतला, डिझेलच्या गाडीत पेट्रोल आहे.

रेजिसने फोनवर हात ठेवून मागे ओरडून सांगितलं, "ऐकलंत का? सकाळच्या बाईंनी पेट्रोल भरलं! अगदी गाऽऽ—"

शब्द तिथेच थांबला. त्याच्यासमोर तो स्पष्ट उभा राहिला. मातानला गाझ म्हणजे पेट्रोल. बाईला ते माहीत होतं, इथलं गाझोल निराळं हेही माहीत होतं, म्हणून तर तिने बोट वर करून विचारलं होतं. इतकं नेमकं आजवर कुठल्याच गिऱ्हाइकाने विचारलं नव्हतं.

"अरे, पण तूच म्हणालास ना," नादेज म्हणाली, "तुमचंच गाझ?"

"गमतीत म्हणालो."

"ते मला कळलं," नादेज म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. सकाळी तीच सगळ्यात आधी हसली होती, हे दोघांनाही आठवत होतं.

मादाम कोर्तिल आपल्या खोलीतून एक फॉर्म घेऊन आल्या. चुकीचं इंधन भरलं की विमा हात वर करतो आणि इंजिनचा खर्च गिऱ्हाइकाच्या माथी येतो. त्यासाठी एका ओळीवर कचेरीची सही लागते. 'ग्राहकास इंधनाचा प्रकार स्पष्टपणे सांगितला: होय / नाही.'

"सांगितलं होतंत ना, रेजिस?"

"सांगितलं होतं."

त्याने 'होय'वर खूण केली आणि सही केली. खोटं काहीच नव्हतं. सांगितलं होतं, स्पष्टपणे सांगितलं होतं, अर्ध्या फुटपाथला ऐकू गेलं होतं. तरी पेन ठेवताना त्याने ते फॉर्मवर आडवं ठेवलं, नेमकं त्या ओळीवर.

संध्याकाळी साडेपाचला टोइंगवाला आला, आणि त्याच्यामागून बाई. नव्या बुटांवर चिखल होता.

"गाडीची किल्ली यांच्याकडून घ्या," टोइंगवाला रेजिसला म्हणाला. "मलाच पोचायला उशीर झाला हो, आज सगळा गाव रस्त्यावर. मग मीच यांना वर गावात नेऊन सोडलं, पण चार वाजले. पाद्री निघून गेला होता, खड्डा बुजवून खणणारेही गेले होते. सख्खा भाऊ हो यांचा. तीस वर्षं इकडे होता, आणि घरचं म्हणून यायचं ते या एकट्याच."

काउंटरवर सकाळचा फॉर्म अजून पडलेला होता. 'प्रवासाचं कारण: विरंगुळा.' रेजिसने त्यावर हात ठेवला. हात पुरेसा मोठा नव्हता.

बाईने किल्लीसाठी पिशवी काउंटरवर उपडी केली. रुमाल, चष्मा, किल्ली आणि लाकडी मण्यांची एक जुनी जपमाळ बाहेर आली. किल्ली तिने पुढे सरकवली. जपमाळ परत आत टाकली.

"आईची," ती कुणालाही उद्देशून न म्हणता म्हणाली. "भावाच्या, नोर्मांच्या हातात द्यायची होती. पेटी बंद करायच्या आधी."

मादाम कोर्तिल दारात उभ्या होत्या, नादेज काउंटरवर, आणि परत जायच्या गाड्यांची चौकशी करायला आलेले चार-पाच लोकही होते. मादाम कोर्तिलनी फॉर्म पुढे केला आणि शक्य तितक्या मऊ आवाजात म्हटलं, "आमच्या नोंदीप्रमाणे तुम्हाला इंधनाचा प्रकार सांगितला होता, मादाम."

लिझेत बेरूबेने ती ओळ वाचली. मग रेजिसकडे पाहिलं. तो काउंटरवरच्या कॅलेंडरकडे बघत होता, जणू त्यात उद्याची तारीख कुणी लपवली होती.

"तुम्ही गाझोलच म्हणाला असाल, मस्यू," ती म्हणाली. "माझाच कान तिकडचा."

'तुम्ही'. सकाळी ज्या 'तू'वर भुवई उडाली होती ते दिवसभरात कुठेतरी गळून पडलं होतं. इथली रीत ती एका दिवसात शिकली होती. पाळी रेजिसची होती. आता बोलायचं होतं. एक वाक्य पुरे होतं.

"होतं असं कधी कधी," तो म्हणाला.

तिने सही केली आणि निघून गेली.

तो पाच मिनिटं बसला असेल. मग कोट न घेता उठला. ट्रामच्या थांब्यावर ती बाकावर बसली होती, एक बूट अर्धवट काढून. संपामुळे ट्रामही तासातासाने येत होती. रेजिस समोर उभा राहिला. जिनिव्हाचा दंतवैद्य, पॅरिसची वकीलबाई, सगळ्यांचे आवाज ज्या गळ्यात होते त्या गळ्यातून त्याचा स्वतःचा आवाज निघेना.

"मी गाझ म्हणालो होतो," तो शेवटी म्हणाला. "गाझोल नाही. गाझ म्हणालो."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "माझा कान इतकाही वाईट नाही."

"मग सही का केलीत?"

ती बूट नीट करू लागली. "तुमची मंडळी बघत होती," ती म्हणाली. "सकाळी माझ्यावर सगळे हसत होते तेव्हा कसं वाटतं ते पाहिलं होतं मी. पुन्हा बघायचं नव्हतं."

त्याला वाटलं, तिने शिव्या द्याव्यात. तिकडे शिव्यासुद्धा चर्चच्या सामानावरून देतात, त्याची ती खास नक्कल होती. तिने शिवी दिली नाही. बाकावर थोडी सरकून तिने जागा केली. तो बसला नाही. ट्राम आली तेव्हा तिने दाराच्या दांड्याला धरलं, आणि तो मदतीला पुढे होईपर्यंत ती चढलीही होती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मागच्या खोलीत सॉसेज कापलं गेलं, वाईन ओतली गेली, आणि कुणीतरी सवयीने म्हणालं, "हं, रेजिस, कालची क्वेबेकवाली!" रेजिसने पेला खाली ठेवला, मादाम कोर्तिलच्या खोलीत गेला आणि एक कागद पुढे केला. त्यावर त्याच्या सरळ, ओरखडे नोंदवणाऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'ग्राहकाने नेमकं विचारलं होतं. मी तिच्या बोलीत "गाझ" असं सांगितलं. तिच्या बोलीत त्याचा अर्थ पेट्रोल होतो हे मला ठाऊक आहे. हसवण्यासाठी सांगितलं.'

मादाम कोर्तिलनी तो दोनदा वाचला.

"हसवण्यासाठी," त्या म्हणाल्या. "यासाठी चौकट नाहीये, रेजिस."

"कामकाज किंवा विरंगुळा यातलं एक लिहा."

"चेष्टा पुरे. हे असंच वर पाठवलं तर तुम्हाला काढतील. आणि तुम्ही गेलात तर ओरखडे कोण शोधणार?" त्या जरा थांबल्या. "बाईंकडून काही वसूल होणार नाही. तेवढं मी बघते. पण हा कागद फाईलला लागणार नाही."

"माझी सही आहे त्यावर."

"कालच्यावरही होतीच ना," त्या म्हणाल्या आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकला.

फलकावरचा स्वतःचा नमुना रेजिसने त्याच दिवशी काढून घेतला. टाचणीचं भोक राहिलं. पांढऱ्या गाडीच्या झाकणाआत नवी चिकटपट्टी लागली. महिनाअखेर वरच्या कचेरीतून प्रकरण बंद झाल्याचं पत्र आलं, शिक्का आणि दोन सह्यांसह: 'कोणत्याही पक्षाचा दोष आढळला नाही. घटनेचे कारण: उभयपक्षी भाषाभेद.'

दोघेही फ्रेंचच बोलत होते.