मासळी बाजारामागे, इस्माईलचाचांकडे

एका ठिकाणी दहा वर्षं जेवलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, जेवणाबरोबर तेही अंगी लागतात. कुणी कुवेतला निघालं की मला हमखास विचारतं, तिथे जेवायचं कुठे? माझं उत्तर ठरलेलं आहे: जुन्या शहरात, मासळी बाजाराच्या मागच्या गल्लीत, इस्माईलचाचांकडे. ती गल्ली आता नाही, हे मला ठाऊक आहे. तरी तोंडात तेच येतं.

चाचा दाभोळकडचे. गलबतावर स्वयंपाकी म्हणून आले आणि बंदरातच राहिले. चार बाकं, दोन मोठे स्टो आणि खोबऱ्याच्या वाटपाचा वास, एवढीच त्यांची खानावळ.

*

मी छप्पन साली बंदरावरच्या एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागलो. रत्नागिरीचा ब्राह्मण, मासा शिवलेला नाही. तीन दिवस रोटी आणि खजुरावर काढले. चौथ्या दिवशी ऑफिसातल्या एकाने चाचांकडे नेलं, तर मी दारातच घुटमळलो.

चाचांनी गाव विचारलं, काय चालतं ते विचारलं आणि उद्या ये म्हणाले. दुसऱ्या दिवशी बाजारातून आणलेलं कोरं पातेलं स्टोवर होतं. कडीला लाल दोरा बांधलेला.

"ह्यात मासा कधी गेला नाय, जानार पन नाय," ते म्हणाले.

एका माणसाच्या आमटीसाठी ते पातेलं रोज चढायचं.

*

दोन वर्षांनी माझाच धीर सुटला. शेजारच्या बाकावर तळलेलं पापलेट रोज यायचं. एकदा हळूच म्हटलं, चाचा, मलाही एक तुकडी द्या.

चाचांनी हातातला झारा खाली ठेवला. "आयशीची चिठ्ठी आन. मग देतो."

मला वाटलं थट्टा आहे. पण आठवडाभर मागूनही माझ्या ताटात आमटीच. शेवटी आईला पत्र लिहिलं. उत्तर यायला महिना लागला. मिळेल ते खा पण उपाशी राहू नकोस, असं तिने लिहिलं होतं. चाचांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि सगळ्यात मोठं पापलेट माझ्यापुढे ठेवलं.

*

एकदा एक गोरा इंजिनियर वास काढत आला. बाकं भरलेली होती, दाराबाहेर रांग होती. दोन हमाल घाईघाईने उठायला लागले. चाचांनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि साहेबाला बोटाने रांगेचं टोक दाखवलं.

आम्हाला वाटलं, साहेब आता तक्रार करणार. साहेब टोकाला जाऊन उभा राहिला. पुढे तो दर गुरुवारी यायचा आणि आला की स्वतःच शेवटचा माणूस कोण ते विचारायचा.

*

रमजानमध्ये खानावळ दिवसा बंद. पण संध्याकाळी रोजा सोडायला गल्लीतली पन्नास माणसं चाचांकडे असायची. स्वतःचा रोजा असल्यामुळे चाचांना चव बघता यायची नाही. म्हणून ऑफिस सुटलं की मी आतल्या खोलीत जाऊन मीठ चाखायचो. मोठ्या मानाचं काम!

एका वर्षी मलाच वाटलं, सगळे उपाशी आणि आपण चाखतो, बरं नाही. मीही न सांगता रोजा धरला. संध्याकाळी चाचांना ते सांगितलं, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. त्या दिवशी मीठ अंदाजाने पडलं, आणि दोनदा पडलं. पन्नास माणसं मुकाट जेवली आणि घटाघटा पाणी प्यायली.

चाचांनी मला बाजूला घेतलं. "भटजी, तुजा रोजा कबूल झाला. उद्यापासून धरू नको."

*

पुढे रुंद रस्त्यासाठी ती गल्लीच पाडायचं ठरलं. चाचांना सालमियात जागा मिळाली होती, पण तीस वर्षांची भिंत सोडवत नव्हती. बुलडोझर घेऊन नबील नावाचा पॅलेस्टिनी ड्रायव्हर आला. पहिल्याच दुपारी चाचांनी त्याला हाक मारून जेवायला बसवलं.

नबीलने गल्लीच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. चार दिवसांचं काम तीन आठवडे चाललं. मुकादम विचारायचा, तर नबील म्हणायचा, मशीन गरम होतं. दुपारी मशीन बंद करून तो आमच्या बाकावर यायचा आणि भातावर सार ओतून घ्यायचा.

शेवटी मोकळ्या मैदानात एकटी खानावळ उभी राहिली. त्या दुपारी नबील जेवला. आपलं ताट त्याने स्वतः धुतलं. आमच्याबरोबर भांडी, बाकं, स्टो उचलून गाडीत ठेवले. मग मशीनवर चढला, इंजिन सुरू केलं आणि बंद केलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. मुकादम लांबून ओरडत होता. नबील खाली बघत बसला होता.

चाचांनी पंच्याला हात पुसले. त्या वयात ते मशीनच्या पट्ट्यावर पाय देऊन वर चढले, नबीलच्या शेजारी बसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"यल्ला, चल बेटा," चाचा म्हणाले. "मी हाय ना हितं."