उतार नसलेला देश

कुवेतमध्ये सायकलच्या ब्रेकला फारसं काम नसतं. सगळा देश ताटासारखा सपाट. पेडल मारायचं थांबवलं की समोरचा वाराच सायकल थांबवतो. माझा नवरा दर शुक्रवारी पहाटे महबूलातल्या आमच्या घरून गाडीला सायकल बांधून वाळवंटात जायचा आणि ऊन तापायच्या आत घामाने निथळत परत यायचा. इतक्या वर्षांत त्याला कचकन ब्रेक दाबायची वेळ आली असेल, तर ती उंट आडवा आला म्हणूनच. त्यामुळे त्याच्या उजव्या हातात काय चाललं होतं ते आम्हाला इथे कळलंच नाही. त्यासाठी फ्रान्सला जावं लागलं.

तो शुऐबाच्या एका प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. मूळचे आम्ही साताऱ्याकडचे. पन्नाशीला लोक गुडघे जपायला लागतात. याने ग्रॅव्हल बाइक घेतली. म्हणजे हँडल रेसच्या सायकलसारखं वाकडं, पण टायर जाड, खडी-मातीच्या रस्त्यावर पळवायची सायकल. ती आमच्या हॉलमध्ये सोफ्याला टेकून उभी असायची आणि पाहुण्यांना तिच्याकडे बघत चहा प्यावा लागायचा. इथली वाळू तुडवून आला की हा संध्याकाळी फ्रान्समधल्या सायकलवाल्यांचे व्हिडिओ लावून बसे. ओकची जंगलं, खाली नदी, काठाला दगडी गावं. "सावली बघ गं, नुसती सावली बघ," असं म्हणायचा. मी म्हणायचे, सावलीच हवी असेल तर पार्किंगच्या शेडखाली जाऊन बस.

आखातातल्या माणसाची सुट्टी त्याची स्वतःची नसते. ती भाच्यांच्या लग्नाची असते, आईच्या मोतीबिंदूची असते, गावच्या घराच्या गळक्या पत्र्याची असते. विमानातून उतरायचं, चॉकलेटं वाटायची, सगळ्यांकडे एकेक जेवण जेवायचं आणि परत विमानात बसायचं. त्या वर्षी मात्र याने जेवता जेवता जाहीर केलं, "यंदा गावी नाही. यंदा फ्रान्स."

त्याच्या बहिणीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. मी भडकलेच. "ताईंना काय तोंड दाखवायचं मी?"

"अगं, मग कधी जायचं? काठी टेकत?"

मी गप्प बसले नाही, तो माझा स्वभावच नाही. पण शेवटी बॅग भरली. कॅनडात शिकणाऱ्या मुलीने फोनवर इंग्रजीत आमचं अभिनंदन केलं, जणू आम्ही परीक्षेत पास झालो होतो.

सप्टेंबर संपत आला होता. महबूलात अजून एसीशिवाय श्वास घेववत नव्हता आणि तिथे सकाळी स्वेटर लागत होता. फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडची ती एक छोटी नदी. दोन्ही बाजूंना चुन्याच्या दगडाचे उंच कडे, कड्यांवर जंगल आणि जंगलातून पांढऱ्या खडीच्या वाटा. याने भाड्याने घेतलेली ग्रॅव्हल बाइक, माझ्यासाठी बॅटरीवाली. चढावर मी याच्या पुढे निघून जायचे आणि वर थांबून वाट बघायचे. तो धापा टाकत यायचा, चेहरा लालबुंद, आणि हसत असायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याला असं विनाकारण हसताना मी पाहिलं नव्हतं. नदीकाठच्या वाटेवर अक्रोड पडलेले असत आणि चाकाखाली कडाकडा फुटत. दुपारी गावात पोहोचावं तर बेकरी बंद. मी कुरकुर करायचे, मग आम्ही डब्यातला कालचा ब्रेड चीज लावून खायचो आणि पाय नदीत सोडून बसायचो. पाणी इतकं गार की घोटे दुखायला लागत. मला मान्य करायला जड जातं, पण मी सुखात होते.

तिसऱ्या दिवशी जंगलातून नदीकडे उतरणारी एक लांब वाट लागली. ओली पानं, खाली सुटी खडी, आणि पुढे वळण. मी जपून, ब्रेक दाबत दाबत उतरत होते. तो माझ्या पुढे होता. अचानक त्याची सायकल वेग घ्यायला लागली. मी ओरडले, "अरे, हळू!" वळणाच्या तोंडाशी पुढचं चाक एकदम अडलं, घसरलं, आणि तो सायकलीसकट नेच्याच्या झुडपांत जाऊन पडला.

"लागलं का?"

"काही नाही गं." तो कोपर पुसत उठला. "उजव्या हाताचा मागचा ब्रेक दाबलाच जात नाही. डाव्या हाताने पुढचाच दाबावा लागला, म्हणून घसरलो. भाड्याच्या सायकली, दुसरं काय."

मीही त्या दुकानदाराला मराठीत मनसोक्त नावं ठेवली. मग चालत खाली उतरलो आणि सायकल त्याच्या दुकानात नेली. दुकानदार म्हातारा, अगदी नम्र. त्याने सायकल उलटी केली, चाक फिरवलं आणि उजवा ब्रेक दोन बोटांनी सहज दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. त्याने पुन्हा एकदा करून दाखवलं. याने हात पुढे केला आणि चार बोटांनी दाबून पाहिलं. दांडा अर्ध्यापर्यंत गेला, चाक फिरतच राहिलं. दुकानदाराने दुसरी सायकल काढून दिली. तिचंही तेच.

"हात आखडलाय," नवरा म्हणाला. "हँडल धरून धरून."

त्या दिवशी जेवायच्या टेबलावर मी त्याचा हात नीट पाहिला. पांढऱ्या टेबलक्लॉथवर पालथा ठेवलेला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधे जिथे मांसाचा उंचवटा असतो, तिथे खळगा पडला होता. आणि दंडावर, बाहीच्या खाली, कातडी आपोआप उडत होती. इथे थोडी, तिथे थोडी, आतून कुणी टिचक्या मारत असल्यासारखी. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी हाडं बघणारी बाई, पण हॉस्पिटलात इतकी वर्षं काढल्यावर माणूस असलं काही पाहिलं की काय समजायचं ते समजतो. मी त्याला म्हटलं, "भाजी चांगली झालीय." जेवणात भाजी नव्हतीच.

उरलेले दिवस आम्ही नदीकाठच्या सपाट वाटेनेच फिरलो. वरच्या जंगलाकडे तो मान वर करून बघायचा. उतारावर जायचं नाही हे आमच्यात कुणी ठरवलं नव्हतं. ते दोघांनाही कळलं होतं आणि दोघंही हवापाण्याबद्दल बोलत होतो.

कुवेतला परतल्यावर मी त्याला आमच्याच डिपार्टमेंटला नेलं. मानेचा एमआरआय करायचा होता. मानेतली गादी सरकली, नस दाबली गेली, तरीही हात असा वाळतो. त्यावर ऑपरेशन आहे, औषध आहे. तो मशीनमध्ये आडवा होता आणि मी काचेच्या अलीकडे उभी राहून देवाला म्हणत होते, याची मान खराब निघू दे. वाटेल तेवढी खराब निघू दे. बायकोने नवऱ्यासाठी मागायचं हे मागणं नव्हे, पण मी तेच मागितलं. स्क्रीनवर मणके एकामागून एक दिसायला लागले. सगळे सरळ, स्वच्छ. माझ्या शेजारचा मल्याळी टेक्निशियन खूश होऊन म्हणाला, "कुछ नहीं है दीदी, एकदम क्लीन!" त्याला वाटलं मी आनंदाने रडते आहे. त्याने मला पाणी आणून दिलं.

मग सुया टोचून स्नायूंची तपासणी झाली. मग न्यूरॉलॉजीचे डॉक्टर. इजिप्तचे, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं: मोटर न्यूरॉन डिसीज. हालचाल घडवणाऱ्या नसा एकेक करून मरतात. बुद्धी शाबूत राहते, नजर शाबूत राहते. आधी हा हात, मग दुसरा, मग पाय. किंवा आधी जीभ, बोलणं, गिळणं. क्रम कुणाला सांगता येत नाही. एक गोळी आहे, तिने आजार थांबत नाही, जरासा रेंगाळतो. याने सगळं ऐकून घेतलं आणि प्लांटमधल्या मीटिंगमध्ये विचारावं तसं विचारलं, "जीभ केव्हा, हे कसं ओळखायचं?" डॉक्टर म्हणाले, "शब्द जड येतील. घरच्यांना आधी ऐकू येईल."

पार्किंगमध्ये गाडीपाशी येऊन तो म्हणाला, "म्हणजे दुकानदाराचे ब्रेक चांगले होते."

मला त्याचा इतका राग आला की मी गाडीचं दार आपटलं. मग स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. तो शेजारच्या सीटवर बसून डाव्या हाताने माझी पाठ थोपटत राहिला. राग त्याचा नव्हताच. पण दुसरं होतं कोण तिथे?

आता सायकल विकून टाकली आहे. घेणारा नवा होता, उत्साही. त्याने ब्रेक दाबून पाहिले, तेव्हा मी आत निघून गेले. कंपनीने याला खुर्चीवरचं काम दिलं आहे, ते करार संपेपर्यंत. मग नोकरी जाईल आणि नोकरीबरोबर इथला इकामा, म्हणजे राहायची परवानगीही. साताऱ्याला आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. पुढे काय, हे विचारणारे पुष्कळ भेटतात, मी सगळ्यांना बघू म्हणते. बघण्यासारखं काही नाही. सकाळी मी त्याच्या शर्टाची बटणं लावते, तेव्हा तो माझ्या डोक्यावरून खिडकीबाहेर बघतो. दोन इमारतींच्या फटीत थोडा समुद्र दिसतो, तोही सपाट.

मुलीला आम्ही हात दुखतो एवढंच सांगितलं आहे. परीक्षा होऊ देत, मग सांगू, असं याचं म्हणणं. काल दुपारी जेवणं झाल्यावर तिचा फोन आला. दोघं बराच वेळ बोलले. तिचं इंग्रजी, याचं मराठी, नेहमीसारखं. तो तिला पोहे कसे करायचे ते सांगत होता. मग त्याने फोन माझ्याकडे दिला.

"आई, बाबांना झोपेतून उठवलंस का?" तिने विचारलं. "बोलणं किती जड येत होतं त्यांचं."

मी म्हटलं, "हो गं, आत्ताच उठवलं." तो माझ्यासमोर बसला होता, टक्क जागा, आणि फोनचा स्पीकर चालू होता.